बॉनेटची डावी बाजू

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी गाडीखालीच लिहायला घेतलं होतं, पण तिथे माणूस उताणा असतो आणि उताण्याने साष्टांग होत नाही. म्हणून बाहेर येऊन, हात धुऊन, कामाच्या टेबलाशी बसले आहे. तरी कोपऱ्यात एक काळा अंगठा उमटलाच, तेवढा चालवून घ्या. आम्ही खुशाल आहोत. आईचा गुडघा आता बरा आहे. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे.

आधी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की क्लबच्या सहलीत आपली गाडी डोंगराचा चढ एका दमात चढली. ते खरं नाही. ती अर्ध्यावर थांबली. तुम्ही कार्डावर 'शाब्बास, हात अजून शाबूत आहे म्हणायचा दादाचा' असं लिहिलंत. ते वाचल्यापासून मला दुसऱ्याच्या नावाचं बक्षीस घरी घेऊन आल्यासारखं वाटतंय. गाडी थांबली. पाणी तापलं म्हणून थांबली असं मी तिथे सगळ्यांना सांगितलं. जुन्या गाडीवाल्यांत पाणी तापणं म्हणजे सर्दी होण्यासारखं असतं. कुणी कारण विचारत नाही, उलट चहा आणून देतात.

या क्लबात असतं तरी कोण, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. नाव मोठं आहे, पण महिन्यातून एका रविवारी गोदामामागच्या मोकळ्या आवारात आठ-दहा गाड्या जमतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या गाडीत काहीतरी खटकतं. तेवढ्यासाठीच येतात सगळे. माझी गट्टी दोघांशी. एक बेकरीवाले. त्यांच्याकडे पाव पोचवायची जुनी व्हॅन आहे आणि ती ते अजून रोज कामाला लावतात. 'हिला निवृत्त केलं तर उद्या बायको मलाही करेल,' असं म्हणतात. दुसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांची दोन माणसांची उघडी गाडी आहे. बॉनेट उघडताना त्या गाडीला 'आ करा' म्हणतात, आणि बंद करताना 'आता तासभर काही खायचं नाही.' मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुणाशी बोलायचं धाडस नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझे हात पाहिले, नखांतलं काळं पाहिलं, आणि म्हणाल्या, 'बस. ओळख झाली.'

आपल्या गाडीत त्यांना खटकतं ते एकच: बॉनेटची डावी बाजू. बाबांनी पत्रा ठोकून बनवलेली. तिच्या हवेच्या फटी उजव्या बाजूच्या फटींशी जुळत नाहीत. बेकरीवाले दर महिन्याला विचारतात, 'हिची खरी डावी बाजू माहेरी गेलीय का हो?' बाबा हसतात. पुढे काही सांगत नाहीत. मीही सांगत नाही. ती तुमच्याकडे आहे हे क्लबात कुणाला माहीत नाही.

त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही, आणि आजही दोष कुणाचा हे ठरवायला बसलेली नाही. मी तेव्हा लहान होते. तुम्ही कामासाठी बाहेरगावी गेला होतात आणि बाबांनी रंगारी बोलावला. तुम्ही परत आलात तेव्हा आजोबांची करडी, ओरखड्यांची गाडी गडद लाल झाली होती, फक्त डावी बाजू उरली होती. तिच्यावर आजोबांच्या तळहाताने झिजून झिजून पत्रा उघडा पडला होता. इंजिन ऐकताना ते तिथेच हात टेकून वाकायचे. तुम्ही म्हणालात, 'रंग नाही दिलास तू दादा, पुसून टाकलंस.' बाबा म्हणाले, 'गंज म्हणजे वडील नव्हेत.' तुम्ही ती बाजू काढलीत, चादरीत गुंडाळलीत आणि गेलात. मला सर्वांत जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला पान्यांवर कोरलेले आकडे शिकवत होतात. आपण चोवीसपर्यंत आलो होतो, आणि पुढचा मोठा पाना तुम्ही दुसऱ्या दिवशी दाखवणार होतात.

विषयांतर झालं. मी मुद्दाम केलं, हेही लिहून टाकते.

पाणी तापलं नव्हतं.

तुमच्या-बाबांच्या कामाची पद्धत तुम्हाला मी काय सांगणार? एकाने ऐकायचं, एकाने फिरवायचं. आजोबांची लाकडी काठी, तिचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला. ऐकणाऱ्याचं बोट वर गेलं की फिरवणाऱ्याने स्पार्कची वेळ पुढे घ्यायची, खाली आलं की मागे, मूठ मिटली की बस्स. तुम्ही ऐकायचात, बाबा फिरवायचे. तुम्ही गेल्यावर काठी बाबांनी घेतली आणि पान्यावर मी आले. बरीच वर्षं सुरळीत चाललं. मग कधीतरी असं होऊ लागलं की इंजिन 'आता पुरे' म्हणतंय हे मला बाहेरूनही ऐकू यायचं, आणि बाबांचं बोट अजून वरच. डोळे मिटलेले, चेहरा अगदी समाधानी.

मी काय करायचे ते सांगते. मी बोटाकडे बघायचे आणि कानाचं ऐकायचे. पाना फिरवल्यासारखा करायचे. बाबा मूठ मिटायचे, म्हणायचे, 'झकास. कान अजून आहे.' मी म्हणायचे, 'हो बाबा.' दिवसभर दुकानात मी अनोळखी माणसांना विचारते, 'आता स्पष्ट दिसतंय? की आधीचं बरं होतं?' त्यात मला काही वाटत नाही. घरी मात्र 'ऐकू येतंय का?' एवढं विचारायची जीभ होईना.

सहलीच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं, ऐकणारा आणि फिरवणारा यांचं जमलं नाही तर कुणाचं खरं मानायचं. कशासाठी विचारते ते लिहिलं नव्हतं. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: 'काठी ज्याच्या कानाला, शब्द त्याचा.' मला ते पटलं. मनात म्हटलं, पुरे झाली ही लबाडी. या वेळी बाबांच्या बोटाप्रमाणेच फिरवायचं, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि तसंच केलं. अगदी प्रामाणिकपणे इंजिन चुकीचं लावलं.

सपाटीवर काही कळलं नाही. चढ लागला, बाबांनी खालचा गिअर टाकला आणि इंजिन ठोकायला लागलं. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी हलवावं तसं.

'बाबा, ठोकतंय.'

ते समोर बघत होते.

'बाबा!'

'काय चाललीय बघ,' ते म्हणाले. 'लोणी. नुसतं लोणी.'

मागून डॉक्टरीणबाई हॉर्न वाजवत होत्या. थांबून थांबून नाही, एकसारखा. अख्ख्या डोंगराला तो ऐकू जात होता. बाबा गुणगुणत होते.

मग मी हात पुढे केला आणि स्टिअरिंगच्या मधली स्पार्कची दांडी मागे ओढली. चालवणाऱ्याच्या हाताखालून हात घालणं आपल्या घरात काय समजतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ठोकणं थांबलं. गाडीचा जोर मात्र कमी झाला आणि ते बाबांना हातांतून कळलं. त्यांनी गाडी कडेला घेतली. आधी दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'ठोकत होतं?'

'हो.'

'आणि तू किती दिवस...' एवढंच म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

तेवढ्यात बेकरीवाले व्हॅनमधून उतरून आले. 'काय झालं? पाणी?' मी म्हटलं, 'हो, पाणी.' त्यांनी रेडिएटरवर तळवा ठेवला. तापलं असतं तर ठेवताच आला नसता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. कॅन घेऊन आले आणि भरलेल्या रेडिएटरमध्ये थेंबथेंब पाणी ओतत राहिले, निम्मं रस्त्यावर सांडत. बाकीचे भोवती उभे राहून 'हवाच तापलीय आज' म्हणत होते. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी स्वेटर घातले होते, काका.

नंतर मी डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, 'अगं, आम्ही सगळे नेहमी त्यांच्या उजव्या बाजूलाच उभे राहतो. तुला कधी दिसलं नाही? डावा कान गेलाय त्यांचा. उजव्याने समोरासमोर बोललेलं कळतं.' मी म्हटलं, 'आणि बेकरीवाले एवढ्या मोठ्याने बोलतात ते?' त्या हसायला लागल्या. 'ते फक्त इथे. त्यांची बायको माझी पेशंट आहे. म्हणते, घरात या माणसाचा आवाज ऐकायला मिळत नाही.'

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आईला सोडून. आई म्हणते, 'मी बोललेलं यांना ऐकू न येणं हे लग्नापासूनचं आहे. त्यात नवीन काय झालं ते मला कसं कळणार?'

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. घरी आल्यावर बाबांनी काठी कपाटावर टाकली आणि गाडीवर ताडपत्री घातली. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले की गाडी संग्रहालयाला देऊन टाकायची. संग्रहालयवाले बरीच वर्षं मागतच होते. 'न ऐकणारा मेकॅनिक आणि त्याची गाडी, दोघांना दोरीपलीकडे उभं केलेलं बरं.'

आई म्हणाली, 'गाडीला नेतील. तुम्हाला कोण नेतंय?'

कुणी हसलं नाही. आईसुद्धा.

संग्रहालयाचा माणूस येऊन पाहून गेला. वाईट नाही. मऊ हातांनी दारं उघडली त्याने. पण मी विचारलं तेव्हा सांगितलं की आत ठेवायची म्हणजे पेट्रोल काढणार, तेल काढणार, बॅटरी काढणार आणि चाकांवर भार नको म्हणून गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवणार. मी विचारलं, वर्षातून एकदा तरी सुरू करता का? तो म्हणाला, 'बाई, मग ते संग्रहालय कशाला, गॅरेजच झालं की.'

बुधवारी, एकोणीस तारखेला, ते न्यायला येणार आहेत. आजोबांनी गाडी तुम्हा दोघांच्या नावे ठेवलेली, म्हणून तुमचा होकार घ्यायला त्यांचा माणूस सोमवारी तुमच्याकडे येईल. बाबा म्हणाले, 'तो देईल होकार. त्याच्या लेखी ती गाडी रंगाऱ्याने पत्र्याला हात लावला त्याच दिवशी गेली.'

तुम्ही नाही म्हणा असं मी सांगत नाही. सांगायचा मला अधिकार नाही. मी एवढंच म्हणते, ज्या गाडीला होकार द्यायचा ती आधी बघून घ्या. चालती. त्या लाल रंगाला आता किती वर्षं झाली याचा हिशेब तुम्हीच करा. दाराच्या काठावर, बाबा कोपर टेकतात तिथला रंग उडून खालचा करडा वर आलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता या रंगाला हात लावाल तर खबरदार, हाही गाडीचाच झाला.

म्हणून मी गाडी घेऊन तुमच्याकडे येणार आहे. मी चालवणार आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले आणि परत आले. खोडलेलं नाही.

मला भीती वाटते, काका. लायसन्स आहे, दुकानाची छोटी गाडी मी रोज चालवते, पण ही गाडी मी आवाराच्या बाहेर काढलेली नाही. तुम्हाला माहीत आहे, गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि ब्रेक म्हणजे ब्रेकला केलेली विनंती असते. उतारावर काय होईल, फाटकाजवळ बंद पडली तर काय, मागचे लोक हॉर्न वाजवतील तर काय, हे सगळं माझ्या डोक्यात आधीच होऊन गेलंय. ते सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'घाबर की. पण एका वेळी एकाच गोष्टीला घाबरायचं. गिअर बदलताना गिअरला, वळणावर वळणाला. सगळं एकदम नाही.' गेले काही दिवस दुकान सुटल्यावर त्या मला गोदामामागे स्वतःच्या गाडीवर शिकवताहेत. तिचाही क्लच दोनदा दाबावा लागतो. गिअर करकरला की त्या गालावर हात ठेवून 'अक्कलदाढ!' म्हणून ओरडतात. काल एकदाही ओरडल्या नाहीत.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगणार. मगच हे पत्र पुरं करेन. पोस्टावर माझा भरवसा नाही. बेकरीवाले शुक्रवारी तुमच्या गावात पाव द्यायला येतात, त्यांच्या हाती देईन.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

काका,

सांगितलं. काल संध्याकाळी. बाबा पायरीवर बसले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा विचार करून त्यांच्या उजव्या बाजूला बसले. ते त्यांच्या लक्षात आलं.

'तूही इकडेच बसायला लागलीस,' ते म्हणाले.

म्हणजे क्लबात सगळे कुठे उभे राहतात हे त्यांनाही माहीत होतं. मी जे सांगणार होते त्यातलं अर्धं तिथेच संपलं. उरलेलं सांगितलं. पाना मी खोटा फिरवत होते, कधीपासून, आणि त्या दिवशी का फिरवला नाही. तुम्हाला पत्रं लिहिते हेही सांगितलं. ते ऐकून म्हणाले, 'पोस्टमन कार्ड कुणाच्या हातात देतो असं वाटतं तुला?' तुमचं प्रत्येक कार्ड त्यांनी वाचून मग माझ्या टेबलावर ठेवलं होतं.

मग मी म्हटलं, 'रविवारी मी गाडी काकांकडे नेणार आहे. तुम्ही शेजारी बसा. मी चालवायला बसले की तुमचा चांगला कान माझ्याकडे येतो. मी जे ऐकेन ते तुम्हाला सांगेन. तुम्ही हातापायांना जे कळतं ते मला सांगा. एका माणसाचं काम हे कधी नव्हतंच, बाबा. तुम्ही दोघंच करत होतात.'

ते उठून आत गेले. आई म्हणाली, 'ऐकू आलंय. ऐकू आलं नाही की ते हो म्हणतात.'

आज सकाळी दुकानात जायच्या आधी शेडमध्ये गेले. ताडपत्री घडी करून ठेवली होती. बॉनेटची डावी बाजू, बाबांनी स्वतः ठोकलेली, ज्यावरून सगळे चिडवतात ती, काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिथून सगळं इंजिन उघडं दिसत होतं. बाबा पाना घेऊन उभे होते. माझ्याकडे न बघता त्यांनी काठी पुढे केली.

'घे. आणि बोट नीट दाखव,' म्हणाले. 'तुझ्या काकासारखं घाईघाईत नको.'

होकाराचं ते एक वाक्य सोडलं, तर इतक्या वर्षांत तुमचा विषय त्यांच्या तोंडून आपणहून निघाला तो हा. मी काठी इंजिनावर टेकवली, कान लावला. वाकताना डावा हात टेकायला जागा शोधली आणि तो हवेतच राहिला, कारण तिथे पत्राच नव्हता. आजोबांच्या हाताने तिथलाच पत्रा का झिजला ते मला आज कळलं. बाबांनी हळूहळू फिरवलं, मी बोट खाली, खाली, थोडं वर, आणि मूठ. बाबांनी इंजिनावर तळवा ठेवला आणि म्हणाले, 'हं. हातालाही आता शांत लागतंय.'

दुकानात पोचायला उशीर झाला. पहिल्यांदाच.

तर ठरलं ते असं. पुढे बेकरीवाले व्हॅन घेऊन, म्हणजे रस्ता अडला तर निदान खायला पाव असेल. मागे डॉक्टरीणबाई. मधे आम्ही तिघं, आई मागच्या सीटवर. ती म्हणते, तिला तुमच्याशी गाडीबद्दल काही बोलायचं नाही, बाकीचं पुष्कळ आहे. डावी बाजू उघडी ठेवूनच येतोय. धूळ जाईल, लोक बघतील, बघू देत. तुमच्याकडच्या चादरीत जी आहे ती करडी आहे आणि गाडी लाल आहे. जुळणार नाही हे मला माहीत आहे. मला ती तशीच लावायची आहे. चालेल ना, असं मी विचारणार होते. ते वाक्य काढून टाकलं. काठी आता माझ्या कानाला आहे, आणि तुमच्याच नियमाने शब्द माझा.

ती लावून झाली की गाडीत बसा, एक चक्कर मारून या. तुम्ही आणि बाबा. हवं तर मी चालवते, हवं तर मी खाली थांबते. सोमवारी त्या माणसाला काय सांगायचं ते मग तुम्ही सांगा. जे सांगाल त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही.

स्क्रू आवळायला मोठा पेचकस लागेल. आणि चोवीसच्या पुढचा पाना असेल तर तोही काढून ठेवा. तो मला अजून बघायचा आहे.

रविवारी, सोळा तारखेला, तुमच्या दारात गाडी उभी करणारी

तुमची पुतणी